नोरा वाचायला घेताय? आधी किल्ल्या कुणाकडे आहेत ते बघा

‘एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या नाटकांतील स्त्री-भूमिकांचे स्त्रीवादी दृष्टीने परीक्षण करा.’ असा प्रश्न समोर आला की बहुतेक जण लगेच नायिकेला मार्क द्यायला बसतात. ‘अ डॉल्स हाउस’मधली नोरा घर सोडते, म्हणजे ती पुढारलेली. ‘संगीत शारदा’तली शारदा रडते, म्हणजे ती बिचारी. दोन पानं भरतात, पण नाटक हाती लागत नाही.

माझ्या मते नायिका धीट की भित्री हे नंतर बघावं. आधी नाटकातला व्यवहार तपासावा. पैसा कुणाचा, सही कुणाची चालते, किल्ली कुणाच्या खिशात? हे तीन प्रश्न विचारायला कुठल्याही सिद्धान्ताची ओळख लागत नाही. नवख्या वाचकानं सुरुवात इथूनच करावी. खाली मुख्य उदाहरण नॉर्वेचा नाटककार हेन्रिक इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’चं (1879) घेतलं आहे. नाटक छोटं आहे, घर एकच, अंक तीन, आणि इंग्रजी भाषांतरं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतात. अनंत काणेकरांनी ‘घरकुल’ नावानं त्याचं मराठी रूपांतरही केलं होतं.

पायरी 1 : प्रस्तावना बाजूला ठेवून एका बैठकीत वाचा

नोरा शेवटी दार लावून निघून जाते, हे नाटक न वाचलेल्यालाही माहीत असतं. त्यामुळे आपण पहिल्या पानापासून त्या दाराचीच वाट बघत बसतो आणि मधलं सगळं नजरेतून निसटतं. पहिल्या वाचनात खुणा करू नका, टिपणं काढू नका. दुसऱ्या वाचनाला मात्र वही हवीच.

पायरी 2 : व्यवहाराची वही

वहीत तीन रकाने पाडा : पैसा, सही, किल्ली. नाटकातल्या प्रत्येक बाईचं नाव लिहा आणि वाचता वाचता भरत चला.

पैशाचा रकाना पहिल्याच प्रसंगात भरायला लागतो. नाताळचा आदला दिवस. नोरा खरेदी करून घरी येते. नवरा टोरवाल्ड हेल्मर तिला लाडानं उधळी म्हणतो. नाताळची भेट काय हवी असं विचारल्यावर ती रोख पैसे मागते. म्हणते, नोटा सोनेरी कागदात गुंडाळून झाडाला टांगीन. पहिल्या वाचनात हा नुसता बालिशपणा वाटतो. पुढे कळतं की नवऱ्याच्या आजारपणात हवापालटासाठी तिनं गुपचूप कर्ज काढलं होतं आणि त्याचे हप्ते ती कपड्यालत्त्यासाठी मिळणाऱ्या पैशांतून फेडते आहे. मागच्या हिवाळ्यात तिनं दार लावून रात्ररात्र कागदपत्रांच्या नकला उतरवण्याचं काम केलं. मैत्रिणीला सांगताना ती म्हणते की काम करून पैसे मिळवताना पुरुष असल्यासारखंच वाटायचं. हे कळल्यावर सोनेरी कागदाच्या प्रसंगाकडे परत जा. तो लाडिकपणा म्हणजे हप्त्याची जुळवाजुळव आहे. हेल्मरसमोर तिला पैसे मागायची ती एकच रीत उपलब्ध आहे, आणि ती त्यात तरबेज झाली आहे.

सहीच्या रकान्यात नाटकाचा सगळा पेच आहे. कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून वडिलांची सही हवी होती. वडील अंथरुणाला खिळलेले, म्हणून नोरानं ती स्वतःच केली. खाली तारीख पडली 2 ऑक्टोबर. वडील वारले होते 29 सप्टेंबरला. सावकार क्रोगस्टाडला धमकवायला तेवढं पुरतं. गंमत म्हणजे त्यानंही आयुष्यात कधीकाळी असाच गुन्हा केलेला आहे आणि त्या डागामुळे त्याची बँकेतली नोकरी धोक्यात आहे. दोघांचा अपराध एकाच जातीचा, पण बाहेर पडायच्या वाटा वेगळ्या. ही तुलना निबंधात वापरण्याजोगी आहे. सहसा कुणी करत नाही.

आणि किल्ली. घराच्या पत्रपेटीची किल्ली फक्त हेल्मरकडे असते. क्रोगस्टाडचं सगळं उघडं करणारं पत्र त्या पेटीत पडतं. नोराला ते काचेतून दिसतं, काढता मात्र येत नाही. तिसऱ्या अंकात हेल्मर पेटी उघडायला जातो तर कुलपात मोडलेली केसाची पिन. तुझीच आहे, असं तो म्हणतो. मुलांनी काहीतरी केलं असेल, असं ती सांगते. ही दोन ओळींची जागा प्रयोगात बऱ्याचदा घाईत उरकली जाते. वाचताना तिथे थांबा. आठ वर्षांच्या संसारात या बाईला स्वतःच्या घराची पत्रपेटी उघडायला पिन लागते. शेवटच्या प्रसंगात नोरा अंगठी परत करते आणि घरातल्या किल्ल्याही नवऱ्यासमोर ठेवते. म्हणजे घरातल्या किल्ल्या तिच्याकडे होत्याच, पत्रपेटीची तेवढी नव्हती.

पायरी 3 : कायद्याची तारीख नाटकाच्या तारखेशेजारी लिहा

नोराची मैत्रीण मिसेस लिंडे पहिल्याच अंकात सांगून टाकते की नवऱ्याच्या संमतीशिवाय बायकोला कर्ज काढता येत नाही. हे संवाद सजवायला घातलेलं वाक्य नाही. नॉर्वेत विवाहित स्त्रीला कायद्यानं सज्ञान मानायला 1888 साल उजाडलं. नाटक आलं 1879 मध्ये. ब्रिटनचा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा मोठा कायदा 1882 चा. नॉर्वेत बायकांना सार्वत्रिक मताधिकार मिळाला 1913 मध्ये.

या तारखांमुळे एक नेहमीचा आक्षेप ढासळतो. ‘तिनं नवऱ्याला आधीच सगळं सांगायला हवं होतं,’ असं म्हणणारे वर्गात एक-दोन तरी निघतातच. सांगितलं असतं तर कर्ज निघालंच नसतं, कारण हेल्मरचा कर्जाला विरोध होता आणि कायदा त्याच्या बाजूचा होता.

पायरी 4 : कडेला उभ्या असलेल्या बायका

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. नायिकेवर लिहिलेली पुस्तकं ढीगभर आहेत. तुमचं स्वतःचं काही सापडायचं असेल तर ते या कोपऱ्यात सापडेल.

मिसेस लिंडे घ्या. आई आजारी, पाठचे दोन भाऊ लहान, म्हणून तिनं पैसेवाल्याशी लग्न केलं. नवरा वारला आणि मागे काहीच उरलं नाही. मग मिळेल ते काम करत ती जगली. नोरा स्वातंत्र्याकडे निघते तेव्हा लिंडे बरोबर उलट्या दिशेनं चालली आहे. आता कुणासाठी कामच उरलेलं नाही म्हणून ती थकली आहे आणि तिला पुन्हा घर हवं आहे. ती स्वतः होऊन क्रोगस्टाडला लग्नाचं विचारते. त्या काळच्या नाटकात बाईनं पुरुषाला असा समोरासमोर, हिशेबी, तरीही मायेचा प्रस्ताव देणं नवलाचं होतं. शिवाय क्रोगस्टाडला पत्र परत मागायला लावणं तिला शक्य असतं. पण नवराबायकोत एकदा खरं बोलणं व्हायलाच हवं असं ठरवून ती त्याला थांबवते. नोराचा संसार मोडायला हा निर्णय कारण ठरतो. तो बरोबर होता का, यावर वाचनगटात तासभर सहज भांडता येईल.

पण माझ्या लेखी नाटकातली सगळ्यात महत्त्वाची बाई आहे ॲन-मारी, मुलांना सांभाळणारी दाई. तिच्या वाट्याला दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीचा एक लहानसा प्रसंग येतो. नोराच्या डोक्यात घर सोडण्याचे, मरणाचेही विचार घोळताहेत. ती दाईला विचारते, तुझं स्वतःचं मूल परक्यांच्या हवाली करताना तुझं मन कसं झालं? दाई शांतपणे सांगते, छोट्या नोराला सांभाळायचं होतं ना, मग करावंच लागलं. फसलेल्या गरीब मुलीला एवढी चांगली जागा मिळाली हेच खूप. त्या फसवणाऱ्या माणसानं तर काहीच केलं नाही. नोरा विचारते, मुलगी विसरली असेल ना तुला? दाई म्हणते, नाही, कन्फर्मेशनच्या (ख्रिस्ती धर्मातल्या दीक्षाविधीच्या) वेळी आणि लग्न झाल्यावर तिनं पत्र पाठवलं होतं.

एवढंच. पण रकाने भरून बघा. नोराला आई नव्हती. तिला वाढवलं एका अशा बाईनं, जिनं त्या नोकरीसाठी स्वतःची मुलगी सोडली. आता नोरा तीन मुलं मागे ठेवून जाऊ शकते, कारण तीच बाई अजून त्या घरात आहे. ॲन-मारी मुलगी सोडून गेली तेव्हा कुठलं दार वाजलं नाही, कुणी त्यावर अग्रलेख लिहिले नाहीत. गरिबीमुळे मूल सोडलं ती नशिबाची गोष्ट ठरते आणि प्रतिष्ठित घरातली बाई मुलं सोडते तेव्हा युरोपभर गहजब होतो. हा फरक इब्सेननं जाणूनबुजून मांडला की ओघात आला, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण तो संहितेत आहे, आणि स्त्रीवादी वाचन म्हणवताना तो वगळून चालणार नाही.

पायरी 5 : शेवट कुणाकुणाला खुपला ते शोधा

नाटक समजून घ्यायला त्याच्यावर झालेल्या दुरुस्त्या फार उपयोगी पडतात. 1880 मध्ये जर्मनीत नोरा करणारी नामांकित नटी हेडविग नीमान-राबे हिनं शेवट करायला नकार दिला. मी माझ्या मुलांना कधीच सोडणार नाही, असं तिचं म्हणणं. त्या काळी इब्सेनला तिकडे लेखनहक्काचं संरक्षण नव्हतं. दुसऱ्या कुणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच केलेली बरी, म्हणून त्यानं पर्यायी शेवट लिहून दिला : हेल्मर तिला मुलांच्या खोलीच्या दाराशी नेतो, झोपलेली मुलं दिसतात, ती कोसळते आणि थांबते. या प्रकाराला खुद्द इब्सेननंच रानटी अत्याचार म्हटलं.

लंडनमध्ये 1884 ला हेन्री आर्थर जोन्स आणि हेन्री हर्मन यांनी ‘ब्रेकिंग अ बटरफ्लाय’ या नावानं रूपांतर आणलं. त्यात नवरा बायकोचा गुन्हा स्वतःवर घेतो. म्हणजे नोरा ज्या चमत्काराची वाट बघत होती तो इथे घडवून आणला, आणि घर सोडायचं कारणच काढून टाकलं. दोन्ही दुरुस्त्या शेजारी ठेवा. प्रेक्षकाला नोराचा राग एक वेळ चालला असता, तिचं जाणं चालत नव्हतं.

पायरी 6 : लेखकाच्या एका वाक्यावर निकाल देऊ नका

‘इब्सेन स्वतःच म्हणाला की तो स्त्रीवादी नाही’ हे वाक्य तुम्हाला हमखास भेटेल. आधार आहे 26 मे 1898 च्या ख्रिस्तियानियातल्या (आजच्या ऑस्लोतल्या) भाषणाचा. स्त्री-हक्क संघटनेनं त्याच्या सन्मानार्थ कार्यक्रम केला होता. तिथे तो म्हणाला की आपण जाणीवपूर्वक स्त्री-हक्कांच्या चळवळीसाठी काम केलेलं नाही, आपल्याला हा प्रश्न एकूण माणसांचा वाटत आला आहे. तो असं म्हणाला हे खरं. पण सत्तरीच्या माणसाचं मेजवानीतलं एक वाक्य वीस वर्षांपूर्वीच्या नाटकाला चिकटवण्याआधी बाकीची कागदपत्रंही बघायला हवीत.

ऑक्टोबर 1878 मध्ये रोममध्ये या नाटकासाठी काढलेल्या टिपणात तो लिहितो की नीतीचे कायदे दोन आहेत, एक पुरुषाचा, एक बाईचा. बाईचा न्याय मात्र पुरुषाच्या कायद्यानं होतो. 1879 च्या सुरुवातीला रोममधल्या स्कँडिनेव्हियन क्लबात त्यानं ग्रंथपालाची जागा बाईला खुली करावी आणि बायकांना सभेत मताचा हक्क द्यावा असे ठराव मांडले. पहिला मंजूर झाला, दुसरा थोडक्यात पडला आणि हे महाशय भडकले. 1884 मध्ये विवाहित स्त्रीला स्वतंत्र मालमत्तेचा हक्क मिळावा या अर्जावर त्यानं नॉर्वेचाच लेखक ब्यॉर्नसन आणि इतरांबरोबर सही केली. या बाबतीत पुरुषांचं मत घेणं म्हणजे मेंढ्यांच्या संरक्षणाबद्दल लांडग्यांना विचारणं, असं त्यानं पत्रात लिहून ठेवलं आहे.

त्याच वेळी दुसरी बाजूही लपवू नका. नोराची गोष्ट बरीचशी लॉरा कीलर या लेखिकेच्या आयुष्यातून आली. नवऱ्याच्या क्षयावर उपचारांसाठी तिनं कर्ज काढलं, पुढे खोटा कागद केला आणि ते उघडकीला आल्यावर नवऱ्यानं तिला वेड्यांच्या इस्पितळात पाठवलं. तिची ओळख इब्सेनला होती. आपलं दुःख रंगमंचावर गेलं याचा तिला आयुष्यभर जाच झाला. बाईच्या बाजूचं नाटक एका खऱ्या बाईला न विचारता उभं राहिलं, हे निबंधात आलंच पाहिजे.

पायरी 7 : भूमिका कुणी केली, प्रयोग कुणी उभा केला

पुस्तकी वाचनात ही पायरी हटकून गळते. नाटक कागदावर संपत नाही. 1889 च्या जूनमध्ये लंडनच्या नॉव्हेल्टी थिएटरात जॅनेट अचर्चनं नोरा केली आणि इंग्रजी रंगभूमीवर इब्सेन खऱ्या अर्थानं आला. दोन वर्षांनी, एप्रिल 1891 मध्ये, एलिझाबेथ रॉबिन्स आणि मेरियन ली या दोन नट्यांनी इब्सेनचंच ‘हेडा गाबलर’ स्वतः निर्माण केलं. नाट्यगृहांचे व्यवस्थापक पुरुष, त्यांना हव्या होत्या गोड नायिका. या दोघींनी कर्ज काढलं आणि व्हॉडव्हिल थिएटरात प्रयोग लावला. रॉबिन्स हेडा झाली, ली थिया. पुढे 1893 मध्ये रॉबिन्सनं फ्लॉरेन्स बेलबरोबर ‘ॲलन्स वाइफ’ हे नाटक लिहिलं, तेही नाव न लावता. आपल्या अपंग बाळाला मारणारी कामगाराची बायको त्यात आहे. लेखिकांनी नाव का लपवलं असेल, यावर वेगळं सांगायची गरज नसावी.

पायरी 8 : विरुद्ध टोकाचंही वाचा

स्वीडिश नाटककार ऑगस्ट स्ट्रिंडबर्गचं ‘मिस ज्युली’ (1888) आणि त्याची प्रस्तावना वाचा. नायिकेला तो तिथे अर्धी बाई वगैरे म्हणतो. चीड येईल, येऊ द्या. मग वही उघडून स्वयंपाकीण क्रिस्टीनचं नाव लिहा आणि त्या रात्री प्रत्यक्ष काम कोण करतंय ते बघा. कोपनहेगनच्या पहिल्या प्रयोगात ज्युलीची भूमिका स्ट्रिंडबर्गच्या बायकोनं, सिरी फॉन एसेननं केली, हेही टिपून ठेवा.

बर्नार्ड शॉचं ‘मिसेस वॉरन्स प्रोफेशन’ (लेखन 1893) पैशाच्या रकान्यासाठी उत्तम. मुलीचं केंब्रिजचं शिक्षण आईच्या कुंटणखान्यांच्या कमाईवर झालेलं. लंडनमध्ये त्याचा जाहीर प्रयोग व्हायला 1925 उजाडलं.

बायकांनी लिहिलेली नाटकंही होती. स्वीडनची ॲन शार्लोट लेफ्लर 1880 च्या दशकात भरपूर प्रयोग होणारी नाटककार होती. तिचं ‘सान्ना क्विन्नोर’ (‘खऱ्या स्त्रिया’, 1883) नवऱ्याच्या उधळेपणापुढे आपली मालमत्ता ठेवणाऱ्या बाईबद्दल आणि ती वाचवू पाहणाऱ्या मुलीबद्दल आहे. सहीचा रकाना इथे अक्षरशः कागदावर येतो.

पायरी 9 : मग मराठीकडे या

उलट क्रमानं येऊ नका. ‘नोरा बंडखोर, शारदा मागास’ ही तुलना उलट क्रमामुळेच होते.

एक धागा सरळ नॉर्वेतून मुंबईत आला आहे. ब्यॉर्नसनच्या ‘एन हान्स्के’ (1883) मध्ये स्वावा नावाची मुलगी होणाऱ्या नवऱ्याचं आधीचं प्रकरण कळताच त्याच्या तोंडावर हातमोजा फेकते. लग्नाआधीच्या चारित्र्याचा नियम दोघांना सारखाच हवा, एवढंच तिचं मागणं. यावरून श्री. वि. वर्तकांनी ‘आंधळ्यांची शाळा’ लिहिलं. नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेनं ते 1 जुलै 1933 ला रंगमंचावर आणलं, आणि त्यात स्त्री-भूमिका स्त्रियांनीच केल्या. बिंबेची भूमिका ज्योत्स्ना भोळे यांची. पन्नास वर्षांपूर्वीचा प्रश्न मुंबईत नवा वाटला, हे नाटकाइतकंच मुंबईबद्दलही सांगून जातं.

एकोणिसाव्या शतकातल्या मराठी रंगभूमीवर मात्र बाईचं पात्र बहुतेक वेळा उभं करायचा पुरुष नट. लिहिणारा बहुधा पुरुष, गाणारा पुरुष, लुगडं नेसणाराही पुरुष. स्त्री-शिक्षणाची टर उडवणारी नाटकंही निघाली. ना. बा. कानिटकरांची ‘तरुणीशिक्षण नाटिका’ 1886 ची आहे. त्याच दशकात मुंबई हायकोर्टात रखमाबाईंचा खटला चालू होता : बालपणी लग्न लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जायला त्यांनी नकार दिला होता. 1891 मध्ये संमतिवयाच्या कायद्यानं मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय 10 वरून 12 केलं. हे सगळं वातावरण डोळ्यांसमोर ठेवून गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ (1899) वाचा.

जरठ-कुमारी विवाहावर या नाटकानं केलेला आघात मोठाच होता. ‘म्हातारा इतुका न’ ऐकून आजही लोक हसतात. पण वही घेऊन बसलात की एक अडचणीची गोष्ट दिसते. कांचनभटानं पैशासाठी मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायची ठरवली आहे. हे लग्न अखेर मोडतं ते वधूवर सगोत्र निघतात म्हणून. शारदेला ते नको आहे, एवढं कारण पुरेसं ठरत नाही. धर्मशास्त्राचा अडथळा उभा राहतो तेव्हा मंडप थांबतो. पुढे तरुण कोदंडाशी तिचं लग्न होतं तेही शंकराचार्यांचा कौल घेऊन. देवलांनी हे प्रेक्षकाला पचावं म्हणून केलं असेल, किंवा त्यांनाही एवढंच शक्य वाटलं असेल. मला पहिली शक्यता जास्त पटते, पण संहिता वाचून तुमचं मत वेगळं होऊ शकतं.

सरावासाठी एक काम घ्या. शारदेची आई इंदिराकाकू हिचे सगळे संवाद वेगळ्या कागदावर उतरवा. ती कुणाशी बोलते, नवरा समोर असताना काय बोलते आणि नसताना काय, ते शेजारी लिहा. मग शारदेचं ‘नको’ नाटकात कुठे कुठे येतं ते पान क्रमांकासकट टिपा : पदात, मैत्रिणींसमोर, आईसमोर, आणि ज्याच्या हातात निर्णय आहे त्या बापासमोर. या चार ठिकाणांतला फरक हाच तुमच्या निबंधाचा पहिला परिच्छेद करा.